पाचव्या ओळीचा कागद

मित्रांनो, मी एक जुना जनगणनेचा फॉर्म आहे. सुतळीने आवळलेल्या एका गठ्ठ्यात, एका सरकारी गोदामाच्या ओल धरलेल्या भिंतीशी मी पडून आहे. माझ्याकडे पाहिलंत तर पाचव्या ओळीत एक भोक दिसेल. ते उंदराने पाडलेलं नाही. उंदरांना कशाला दोष द्यायचा? ते माणसांनी पाडलं आहे, आणि तीही चांगली शिकलीसवरलेली माणसं होती.

माझा जन्म छापखान्यात झाला. यंत्रातून बाहेर पडलो तेव्हा मी कोरा करकरीत होतो. शाईचा वास अंगाला होता आणि डोक्यावर अनुक्रमांक. आम्हा फॉर्मांना तेव्हा फार घमेंड होती. कुणी कितीही बडा असो, त्याला आमच्यावर एकच ओळ मिळते, आणि ज्याला कुणी विचारत नाही त्यालाही एक ओळ मिळतेच. याहून मोठा न्याय जगात नाही असं आम्ही एकमेकांना सांगत असू. लहान वय होतं, दुसरं काय!

मला वाटायला नेलं ते एका शाळेच्या बाईंनी. शाळा सांभाळून त्यांना हे घरोघर फिरायचं काम लागलं होतं. माझ्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरचं एक घर आलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि काचा लावून बंद केलेली एक बाल्कनी. दार उघडलं ते पदराला हात पुसत आलेल्या एका बाईने. घरात तिला सगळे मावशी म्हणत.

"आधी पेन्सिलीने भरून ठेवा," शाळेच्या बाई म्हणाल्या. "लोक खाडाखोड फार करतात हो. आठ दिवसांनी रविवारी येते, तेव्हा विचारून मी शाईने पक्कं करीन."

त्या काळजीपोटीच बोलल्या. पण पुढचं सगळं त्या पेन्सिलीने घडवलं.

या घरात माणसं पाच. बाबा, म्हणजे घराचे प्रमुख. त्यांचं चष्म्याचं छोटं दुकान होतं, ते आता मुलगा बघत असे. मग तो मुलगा, सून, सात वर्षांची नात आणि मावशी. बाबांची बायको अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या देखभालीसाठी मावशी या घरात आली. बायको चार महिन्यांत गेली. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि आई गेल्यापासून जेवत नव्हता. त्याच्या घशाखाली घास उतरेपर्यंत थांबते, असं म्हणून मावशी थांबली, ती एकोणीस वर्षं थांबली. पगार कधी बंद झाला ते कुणाला आठवत नाही. बाबांनी लग्नाचं दोनदा बोलून दाखवलं होतं. दोन्ही वेळा पुढे "बघू" म्हणाले. त्यांचं ते भिजत घोंगडं तसंच राहिलं आणि मावशीचे केस पिकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात बाबा आणि मावशी दोघंच होती. बाबांनी चष्मा लावला, पेन्सिलीला टोक केलं आणि वळणदार अक्षरात चार ओळी भरल्या. पाचव्या ओळीत त्यांनी मावशीचं नाव घातलं. पुढचा रकाना होता, 'कुटुंबप्रमुखाशी नातं'. तिथे ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी लिहिलं, 'पत्नी'.

"इकडे ये जरा. हे बघ काय लिहिलंय."

मावशी ओले हात मागे धरून वाकली. तिने तो शब्द वाचला आणि पुन्हा वाचला.

"पुसलं नाही ना जाणार?" तिने विचारलं.

"छे! रविवारी शाईने पक्कं होतंय."

त्या दुपारी मावशी कामं करता करता तीनदा टेबलापाशी येऊन गेली. हात लावला नाही, नुसतं बघून गेली. मित्रांनो, मला माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. एका शब्दाने माणूस इतका आनंदतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी मुलगा दुकानातून आला. पाणी पिता पिता त्याने मला उचललं, आणि पेला तसाच खाली ठेवला.

"बाबा, हे काय लिहून ठेवलंय?"

"खरं आहे तेच लिहिलंय."

"सरकारी कागद आहे हा. उद्या हीच ओळ दाखवून घरात हिस्सा मागितला तर?"

"ती तसली नाही रे."

"आज नसेल. उद्याचं कुणी पाहिलंय?"

नात मध्येच म्हणाली, "पण मावशी आपलीच आहे ना?" तिला आईने दटावलं, "लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस. जा, अभ्यास कर." मुलाने नातीच्याच कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं आणि तो शब्द पुसून तिथे लिहिलं, 'घरकामास'. ज्याच्या घशाखाली घास उतरावा म्हणून ती थांबली, त्याच्याच हातचं हे अक्षर. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते काही खोटं नाही. बाबांनी वर्तमानपत्र उघडलं. आत मावशी पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थोडा वेळ थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मुलगा दुकानात गेल्यावर बाबांनी 'घरकामास' पुसून 'नातेवाईक' लिहिलं. पत्नी लिहायची छाती त्यांना दुसऱ्यांदा झाली नाही. सुनेने ते पाहिलं. "कुणाची नातेवाईक? बाईंनी विचारलं तर काय सांगणार?" तिचं म्हणणं बिनतोड होतं. तिने पुसून लिहिलं, 'पाहुणी'. बाबांनी तेही पुसलं आणि काहीच लिहिलं नाही. मुलाने पुन्हा 'पाहुणी' लिहिलं. आठवडाभर हेच चाललं. माझी कातडी त्या जागी इतकी सोलवटली की पलीकडचं टेबल दिसू लागलं. आणि ते टेबल रोज सकाळ-संध्याकाळ पुसत होती मावशी. मला उचलायची, खालचं पुसायची, त्या दिवशी तिला कोण ठरवलंय ते वाचायची आणि मला जागेवर ठेवायची. एकदाही ती कुणाला बोलली नाही. यांना मात्र वाटत होतं की तिला काही कळलेलं नाही.

रविवार आला. शाळेच्या बाई आल्या आणि त्यांनी शाईचं पेन काढलं. चार ओळी झटपट पक्क्या झाल्या. पाचवीपाशी पेन अडलं.

"अहो, इथे कागदाची चाळण झालीये. या कोण?"

"पाहुण्या आहेत," मुलगा म्हणाला.

"कधी आल्या?"

"एकोणीस वर्षांपूर्वी," स्वयंपाकघराच्या दारातून मावशीच म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "एकोणीस वर्षांची पाहुणी मी आजवर लिहिली नाही. नातं प्रमुखाने सांगायचं असतं. काका, तुम्ही सांगा."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. मावशीनेही पाहिलं. बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. एकच शब्द बोलायचा होता. एकदा लिहून झालेला, तिला बोलावून दाखवलेला.

"तुम्हीच बघा, काय बसतंय ते," बाबा म्हणाले.

मावशीने मान हलवली. मग तिने शाळेच्या बाईंना विचारलं, "ताई, एक कुटुंब म्हणून कुणाला धरता तुम्ही?"

"एका स्वयंपाकघरात जेवणारे सगळे. नातं असो, नसो."

"आणि ज्याचा स्वयंपाक वेगळा?"

"त्याचा फॉर्म वेगळा."

मावशी आत गेली. तिने गॅस बंद केला. भाजी अर्धी कच्ची होती, ती तशीच राहिली. माळ्यावरचा जुना स्टोव्ह, एक पातेलं आणि एक ताट घेऊन ती आली आणि सगळं बाल्कनीत आपल्या खाटेशी नेऊन ठेवलं.

"मग मला एक कोरा फॉर्म द्या."

"हे काय भलतंच?" मुलगा उठून उभा राहिला.

"तुझंच सोपं करतेय. आठ दिवस खोडतोयस, दमला असशील."

"अगं, असं काय करतेस?" बाबांचा आवाज चिरकला. "बघू ना आपण."

"बघून झालं," मावशी म्हणाली.

माझ्यावरच एक नवा फॉर्म ठेवून बाईंनी तो लिहिला, आणि थेट शाईने. कुटुंबप्रमुख म्हणून मावशीचं नाव. प्रमुखाशी नातं, स्वतः. एकूण माणसं, एक. मग माझी पाचवी ओळ त्यांनी एका रेघेने रद्द केली आणि खाली लिहिलं, एकूण माणसं चार. भाजीखाली पुन्हा गॅस पेटवायलाही कुणी उठलं नाही.

नंतर कचेरीत मला फॉर्म वाचणाऱ्या यंत्रात घातलं, तेव्हा मी पाचव्या ओळीवर फाटलो. एका कारकुनाने माझ्यावरचे आकडे उतरवून घेतले आणि 'खराब' असा शिक्का मारून मला बाजूला टाकलं. महिन्याभराने बाई फेरतपासणीला जाऊन आल्या, ते त्या कारकुनाला सांगताना मी ऐकलं. बाल्कनी रिकामी होती म्हणे. मावशी कुठे गेली ते कुणाला सांगता आलं नाही. मुलाने एवढंच विचारलं की तिचा फॉर्म आता रद्द होईल ना. कारकून म्हणाला, "असू द्या हो. आपला आकडा तर जुळतोय." आकडा जुळतच होता. माणसं होती तेवढीच भरली. घरं तेवढी एकाने वाढली.

मित्रांनो, मनोगत सांगणारे माझ्या जातीचे कागद शेवटी 'मला जपा' म्हणून विनवतात. मी विनवणार नाही. मला वाळवी लागली तरी कुणाचं काही अडत नाही. पण असा फॉर्म तुमच्या घरी आला, तर आधी घरात सगळ्यांकडे नीट बघा. कोण कुणाचं आहे हे ज्याला ठाऊक असतं, त्याने ते पहिल्या खेपेलाच शाईने लिहावं. आणि तेवढी हिंमत नसेल, तर निदान त्या माणसाच्या हातचं जेवू नये.