आईची माती

आमच्या तोकिजीला कलावंत केलं ते हामुरो सरांनी. त्याआधी माझा भाऊ नुसता मातीत खेळणारा वेडा होता, आणि सुखात होता.

शिगाराकी या कुंभारांच्या गावाजवळ, त्याच्यासारख्यांसाठीच्या ज्या संस्थेत तो राहतो, तिथे सगळ्यांना मातीकाम शिकवतात. बाकीचे ताटल्या करतात, बेडूक करतात. हा रोज सकाळी एकच बाई करायचा, गुडघे मुडपून बसलेली. आमची आई. "आई उठली," म्हणायचा. संध्याकाळी तिला मळून पुन्हा गोळा करायचा आणि ओल्या फडक्यात गुंडाळायचा. "आई झोपली." आई गेल्यापासून तोच एक गोळा.

तिथे मातीकाम शिकवणाऱ्या हामुरो सरांना ते रोजचं मोडणं बघवेना. क्योतोला प्रदर्शन ठरलं, कलाशाळेत कधीही न शिकलेल्या कलावंतांचं. तेवढ्यात तोकिजी तापाने पडला. त्या दिवसांत सरांनी बाई वाळवली आणि भट्टीत घातली. मला विचारलंसुद्धा नाही. भलं करायला निघालेला माणूस कुणाला कशाला विचारेल?

उद्घाटनाला मी तोकिजीला नवा सदरा घालून नेलं. आई काचेच्या पेटीत बसली होती. प्रदर्शन बघायला आलेली एक बाई तिच्यापुढे उभी राहून डोळे पुसत होती.

"तोकिजीसान, बघा!" सर म्हणाले. "आता ही कधीच मोडणार नाही."

तो काचेला नाक लावून बघत राहिला.

"ताई, ही लाल झाली."

"भाजली ना रे."

"आगीत?"

"हो."

"परत?"

आईला अग्नी दिला, तेव्हा तिच्या अस्थी आम्ही दोघांनीच वेचल्या होत्या, आमच्या रीतीप्रमाणे एकेक हाड दोघांच्या काड्यांच्या चिमटीत धरून. हे सगळं तो विसरला असेल असं मी धरून चालले होते. सर तोवर वर्तमानपत्रवाल्यांशी बोलायला गेले होते.

प्रदर्शन संपलं, आई संस्थेत परत आली. रोज संध्याकाळी तोकिजी तिला ओल्या फडक्यात गुंडाळायचा, सकाळी उघडून अंगठ्याने दाबून बघायचा. सरांनी आधीच्या गोळ्याची होती त्याच डोंगराची नवी माती आणून दिली. त्याने त्या मातीला हात लावला नाही.

एका रविवारी मी भेटायला गेले, तर तो अंगणातच उभा होता. मला बघितलं आणि त्याने आईला पायरीच्या दगडावर आपटलं.

"अहो, हे काय केलंत!" सर धावत आले.

तोकिजीने खिशातून जेवणाच्या काड्यांचे दोन जोड काढले, एक मला दिला. लोणच्याची रिकामी बरणी त्याने आधीच धुऊन ठेवली होती.

"आधी पाय, ताई."

पायांपासूनच वेचतात, म्हणजे गेलेलं माणूस कलशात उलटं बसत नाही. एकेक तुकडा आम्ही दोघांनी मिळून धरला. शेवटी डोकं ठेवलं. सर बाजूला उभे राहून रडत होते, आणि मला त्यांची कीवही येईना.

तोकिजीने झाकण घट्ट लावलं, हात सदऱ्याला पुसले.

"ताई," तो म्हणाला, "मग उद्या सकाळी मी काय करू?"