उंबऱ्यावरचं तोंड

"चपला तिकडं काढ बाय, इथं रंग सांडलाय," भागोजीकाका म्हणाले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

राहीने चपला बकुळीखाली काढल्या. तेवढा वेळ तिला हवाच होता. मग तिने वर पाहिलं. महादेवाच्या देवळाची आठ-नऊशे वर्षांपूर्वीची काळ्या दगडाची चौकट ऑइलपेंटने चकाकत होती. गणपती पिवळाधमक, एका अंगाची गंगा गुलाबी, दुसऱ्या अंगाची यमुना निळी, तिच्या पायाखालचं कासव पोपटी. वर तांबडी अक्षरं : कै. रावजी यांच्या स्मरणार्थ.

रावजी म्हणजे तिचे वडील. दिघीच्या जेटीवर त्यांनी तीस वर्षं लाँचची तिकिटं फाडली आणि दर सोमवारी सकाळी नारळाचं काथ्याळ सोडण नि बादलीभर पाणी घेऊन ही चौकट घासली. साबण नाही, चुना नाही, तेलसुद्धा नाही. देवळात कुणी नवखं आलं की हात पुसत पुढे व्हायचे. 'ही गंगा, ही यमुना. दोघींच्या मधून आत गेलं की न्हाणं झालं.' पुढे कॉलेजात शिकवताना राहीने मूर्तींवरची जाडजूड पुस्तकं वाचली. इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

उद्या त्यांचं वर्षश्राद्ध होतं.

"रावजी कायम म्हनायचा," काका सांगत होते, "कोन बगत न्हाय रे भागोजी. घंटा वाजवतात नि सरळ आत घुसतात. म्हटलं, आता बगतील. पार रस्त्यावरनं दिसतंय. ह्या प्रीतमनं चार दिवस मान मोडून काम केलंय."

शिडीवरच्या प्रीतमने ब्रश हलवला. "कासवाचा कलर आपन सिलेक्ट केला, ताई."

"त्याला इचारलं, असलं कासव बगितलंस कुठं? तर म्हनतो, मोबाईलवर." काका हसले.

राहीने काकांकडे पाहिलं. गेल्या वर्षी दवाखान्यात न्यायला बाबांना खुर्चीत बसवून, ती खुर्ची उचलून याच माणसाने जेटीपर्यंत नेली होती.

"उंबरा तेवढा ठेवलाय," काकांनी तांबड्या रंगाचा डबा तिच्या हातात दिला. "लेकीचा हात लागू दे."

उंबऱ्याच्या मधोमध कीर्तिमुख होतं. बटबटीत डोळे, वासलेला जबडा. धड नाहीच. बाबा सांगायचे, हा भुकेला होता, महादेव म्हणाले, स्वतःलाच खा. याने पायांपासून सुरुवात केली. नुसतं तोंड उरलं तेव्हा देवच ओशाळले. म्हणाले, तू माझ्या दारात राहा.

"त्याला दुखलं नसेल?" लहानपणी तिने विचारलं होतं.

"इचार की त्यालाच."

शेवटच्या तीन महिन्यांत बाबांच्या पोटात पाण्याशिवाय काही टिकत नव्हतं. आधी पाय गेले, मग दंड, मग छाती. एका सकाळी तिने त्यांची दाढी करून आरसा समोर धरला, तर ते बराच वेळ बघत राहिले. "आता मला उंबऱ्यात बसवायला हरकत न्हाय," म्हणाले. ती हसली होती. त्यांना हसूच हवं होतं.

"काका, हा असाच राहू दे."

"का गं? रंग आवडला न्हाय?"

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. बाबा असते तर डबा समुद्रात फेकून महिनाभर काकांशी बोलले नसते. पण काकांच्या नखांत निळा रंग बसला होता आणि ते पुन्हा तिच्या तोंडाकडे बघत होते.

"चौकट छान झालीय," ती म्हणाली. "पण हा पायाखाली येतो. आठ दिवसांत रंग उडेल."

काकांनी जरा विचार केला. "ते बी खरंच. डोकं रावजीचं हाय हिचं," असं प्रीतमला सांगून त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

राहीने विहिरीवरून बादली भरून आणली आणि सोडण घेऊन उंबऱ्याशी बसली. वरच्या गणपतीचा पिवळा थेंब कीर्तिमुखाच्या डोळ्याखाली पडून वाळला होता. तिने घासला. निघेना.

दिवेआगरला निघालेली एक गाडी रस्त्यावर थांबली. त्यातलं कुटुंब आवारात आलं आणि चौकटीसमोर उभं राहिलं. बाईने मुलीला कडेवर घेऊन कासव दाखवलं, मग गंगा, मग गणपती. घंटा वाजवायचंही त्यांना सुचलं नाही. वर बघत बघतच ती सगळी आत गेली.

राहीने हात मागे घेतला. शेवटचा पाय उंबऱ्यावरून उचलला जाईपर्यंत ती थांबली, आणि पुन्हा घासू लागली.