नर्सबाईंची सुई

बेबाबाई नर्सला चौथा महिना लागला होता, आणि धनुर्वाताची लस तिनं अजून घेतली नव्हती. गावोगावच्या गरोदर बायांना हीच लस टोचत ती फिरायची, पण स्वतःचा दंड काही पुढे करवत नव्हता. मागच्या खेपेला लस घेतली आणि आठवड्यात गर्भ पडला. दोन्हींचा काही संबंध नाही, हे ती ट्रेनिंगमध्ये शिकली होती. पण धसक्याला कुठलं आलंय ट्रेनिंग!

पारोळ्याजवळच्या त्या गावात बायांचा तिच्यावर आधीच भरवसा नव्हता. कसा असणार? कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला बाया मिळवत हीच दारोदार हिंडलेली, आणि आता म्हणे बाळासाठी सुई! चावडीच्या ओट्यावर बाया जमल्या, पण बाही कुणी वर करेना.

भिकुबाई आपल्या पोटुशी सुनेला, भागाला, पाठीमागे घेऊन उभी होती.

"पहिले तू टोची ले," ती म्हणाली. "मंग मनी सूनले टोच."

 बेबाबाईनं सोबतच्या मंजुळाबाई नर्सकडे पाहिलं. ती मोठी बेरकी.

"इंजेक्शनचं साधं पाणी भरते," मंजुळाबाई कानाशी कुजबुजली. "आपल्यातल्या निम्म्या जणी हेच करतात."

बेबाबाई नको म्हणाली नाही.

बेबाबाईला सुई टोचून झाली. बाया जरा सैलावल्या, भागा लाजत पुढे येऊन बसली. मंजुळाबाईनं लसीची बाटली हलवून दुसरी सिरिंज भरली.

"थांब!" भिकुबाईनं सुनेचा हात मागे ओढला. "तुले टोचं ते नितळ पानी व्हतं. हाई ताकना मायक पांढरं कसं?"

लस ताकासारखी गढूळ दिसते, हे दोघींना पक्कं ठाऊक. पण घाईत भान राहिलं नव्हतं. मंजुळाबाई लगेच थाप मारायला सरसावली. बेबाबाई मात्र भागाकडे बघत राहिली. या गावात बाळाची नाळ विळ्यानं कापत, आणि मागच्या उन्हाळ्यात दोन बाळं धनुर्वातानं गेली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"ते पाणीच होतं, अक्का," ती म्हणाली. "औषध चांगलं आहे. मीच भ्याले."

"सोताले पानी, आनि मनी सूनले हाई? चाल व भागा!"

भागा वळून वळून बघत गेली. तिच्यामागोमाग बाकीच्याही पदर सावरत उठल्या.

बेबाबाईनं बाही वर केली.

"ती भरलेली सिरिंज मला टोच," ती मंजुळाबाईला म्हणाली.

पांढरं औषध दंडात गेलं, चांगलंच ठणकलं. ते बघायला ओट्यावर एकही बाई उरली नव्हती.