दसऱ्याला पुजलेली डिस्क

या, असे जवळ येऊन बसा. मागच्या बायांनीही थोडं पुढं सरकावं, आज पेटी नाही की मृदंग नाही. एक गोष्ट सांगतो. तिच्यात कीर्तन आहे, पूजा आहे आणि एक जुना कॉम्प्युटर आहे. शेवट गोड होईल अशी आशा मात्र धरू नका.

गोंदियाला लागून मुर्री. तिथल्या कीर्तन मंडळाची देवळाला चिकटून एक खोली होती. २००९ साली भूमेश्वरी त्या खोलीत कामाला लागली. पार्वताबाई नावाच्या कीर्तनकार बाई चार वर्षांआधी गेल्या होत्या; त्यांच्या एकावन्न जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरात उतरवायच्या आणि सांभाळायच्या, हे तिचं काम. या बाईंचं कीर्तन ज्यांनी ऐकलं त्यांना विचारा. इटियाडोहच्या कालव्यावरची गावं धानाची रोवणी आटोपली की त्यांना बोलावणं धाडत. निरूपण रंगात आलं की बाई मध्येच थांबायच्या आणि पार मागं बसलेल्या म्हातारीला विचारायच्या, समजून राहिलं काय वो माय? ती हो म्हणेपर्यंत पुढं जायच्या नाहीत.

भूमेश्वरीसाठी त्या कॅसेटींत आणखी एक गोष्ट होती. तिची आई फुलवंता पार्वताबाईंच्या मागं झील धरायची. बाईंनी ओळ सोडली की मागून ती उचलायची, ते झीलकरणीचं काम. भूमेश्वरी नऊ वर्षांची असताना आई गेली. घरात तिचा एकच फोटो, तोही कोणाच्या लग्नाच्या गर्दीतला. पण अकराव्या कॅसेटीत बाई म्हणतात, "फुलवंता, उचल वो बाई," आणि आई उचलते. एकटी, पूर्ण दोन ओळी. भूमेश्वरीने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं.

कॅसेटींना बुरशी लागली होती. एकदा वाजली की फीत तुटायची, दुसऱ्यांदा वाजायची नाही. म्हणजे जे उतरलं तेच उरलं. ते सगळं बाहेरून जोडायच्या एका डिस्कमध्ये होतं.

कॉम्प्युटर एका खासगी कॉलेजाने मंडळाला दान दिलेला. त्यात लिनक्स होतं. काळा पडदा, आणि त्यावर टाइप करायच्या कमांडी. तो पोहोचवायला त्या कॉलेजात सर्व्हर सांभाळणारा लोकेश आला होता. भूमेश्वरीने त्याला विचारलं, हे मले शिकवाल काय भाऊ? तो दर रविवारी सकाळी येऊ लागला. फी नाही, नाश्ता नाही, मोटरसायकल कडुलिंबाखाली लावायची आणि दोन तास शिकवायचं.

शिकवायची त्याची तऱ्हा कीर्तनासारखीच होती. कमांड लिहिली की मोठ्याने वाचायला लावायचा. काय करून राहिली सांग, कोणत्या जागी करून राहिली सांग, मगच एंटर दाब. मशीन आपलं मन जाणत नाही ताई, म्हणायचा, जे लिहिलं तेवढंच ऐकते. भूमेश्वरीने वहीच्या पहिल्या पानावर श्री काढून सगळं उतरवलं होतं: मी कुठं आहे ते विचारायचं कसं, फायली मोजायच्या कशा, हरवलेली शोधायची कशी. तिला ते गोड लागलं. एका ओळीत एकावन्न फायलींना नीट क्रमांक पडले तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली होती, आणि अकराव्यात आपली आई आहे हे तिने त्याला तेव्हाच सांगितलं होतं.

सातव्या रविवारी त्याने स्क्रिप्ट शिकवली. आवाज एकाच ठिकाणी ठेवणं धोक्याचं, कॉम्प्युटरच्या पोटातही एक प्रत पाहिजे. स्क्रिप्टचं काम असं: डिस्कमध्ये जे आहे तेच पोटात असावं, आणि डिस्कमध्ये जे नाही ते पोटातूनही पुसावं. लोकेशने बजावलं की ही अजून अर्धीच आहे. डिस्क जागेवर आहे की नाही हे आधी पाहा, नसली तर काही न करता थांब, अशी एक ओळ वर घालायची राहिली. ती पुढच्या रविवारी. तोपर्यंत हातानेच चालवायची.

त्याच दिवशी मंडळाचे अध्यक्ष शालीकराम काकाजी खोलीत आले. लोकेश माठातलं पाणी पीत होता. काकाजींनी विचारलं, तू कोनाचा होय, कोन्या मोहल्ल्यातला? लोकेशने वस्तीचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, नमस्कार केला आणि गेला. काकाजींनी माठ बाहेर नेऊन पालथा केला. मग भूमेश्वरीला म्हणाले, "देवाची खोली होय ही. तुले शिकाचं असंल त बाहेर कुठं शीक. त्याले इथं कायले आनतेस?"

भूमेश्वरीने वही मिटली. पुढच्या रविवारी काकाजींनी किल्ली दिली नाही. लोकेशला कळवायचं तिच्या तोंडून निघालं नाही. तो आला, कुलूप पाहिलं, खिडकीतून माठाची रिकामी तिवई पाहिली. ती समोरच्या गल्लीतून बघत होती. थोडा वेळ कडुलिंबाखाली उभा राहून त्याने गाडी चालू केली. त्यानंतर तिने त्याला फोन केला नाही. कोणत्या तोंडाने करणार?

पण काम तर होतं. राहिलेली ओळ तिला लिहिता येत नव्हती. डिस्क टेबलावरून हलतच नाही, मग अडतंय कुठं, असं तिने मनाला समजावलं आणि वही पाहून स्क्रिप्टला वेळ लावून दिली: रोज संध्याकाळी सहा, आरतीच्या सुमारास, आपोआप. दोन महिने सगळं सुरळीत चाललं.

मग दसरा आला. आपल्याकडे त्या दिवशी विळा, पावशी, पाना, टाळ, सगळी हत्यारं पाटावर मांडतात, पुजतात, त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. भूमेश्वरी सुट्टीवर घरी होती. काकाजींच्या मनात आलं, पार्वताबाईंचा आवाज या डिब्बीत आहे, तर खरी पूजा हिचीच. भाव खोटा नव्हता, हेही सांगतो. त्यांनी स्वतःच्या हाताने वायर काढली, डिस्क पाटावर ठेवली, हळद-कुंकू वाहिलं आणि तिच्यापुढे नारळ फोडला. पाणी तिच्या अंगावर गेलं. प्रसादच तो, कोणी पुसला नाही.

कॉम्प्युटर मात्र चालूच होता. सहा वाजता आरती सुरू झाली आणि स्क्रिप्टही. तिने डिस्कच्या जागी पाहिलं, तिथे काही नव्हतं. जे तिथे नाही ते पोटातूनही पुसायचं, असं तिला सांगितलेलं होतं. तिने पुसलं.

तिसऱ्या दिवशी भूमेश्वरीने डिस्क जोडली. आतून टकटक आली, बाकी काही नाही. पोटातली प्रत उघडली, तिथे शून्य फायली. ती देवळाच्या ओट्यावर गेली आणि दोन महिन्यांनी लोकेशला फोन लावला. एक शब्दही टोचून न बोलता तो म्हणाला, "मशीन बंद कर, ताई. आत्ताच्या आत्ता. पुसलेलं लगेच मरत नाही, त्याच्या जागेवर दुसरं काही लिहिलं की मरते. कोनी काही टाकलं त नाही ना त्यात?"

टाकलं होतं. काकाजींनी फोटोवाल्याला सांगून पूजेची पूर्ण चार तासांची शूटिंग त्यात भरून ठेवली होती, मंडळाची आठवण म्हणून. पार्वताबाई होत्या त्या जागेवर आता काकाजी नारळ फोडत होते.

लोकेश ते मशीन आपल्या खोलीवर घेऊन गेला, आठ दिवस त्याच्याशी झगडला. डिस्क नागपूरला दाखवली. चार कीर्तनांचे तुकडे हाती आले, खरखरीसकट. अकरावी कॅसेट त्यात नव्हती.

मंडळाची सभा भरली. आल्याआल्या ठरावाच्या वहीत हजेरी म्हणून सगळ्यांच्या सह्या घेतल्या, तिचीही. काकाजींनी ठराव मांडला की बाहेरच्या एका इसमाने, नाव लोकेश, मशीनमध्ये काहीतरी सोडून ठेवल्यामुळे अमूल्य ठेवा नष्ट झाला.

भूमेश्वरी उभी राहिली. "स्क्रिप्ट माझी होती, काकाजी. डिस्क तुमी काढली. त्यानं जी ओळ राहिली म्हणून सांगतलं होतं, तेच आपन त्याले शिकवू देल्ली नाही."

"तू बस," काकाजी म्हणाले, आवाज न चढवता. "तू पोरगी होस, तुले त्यानं जसं शिकवलं तसं तू केलं. तुयावर कोनी बोट दाखवून राहिलं काय?"

कोणी दाखवत नव्हतं. ठराव एकमताने लिहिला गेला आणि त्याच्या वर तिची सही आधीच होती.

ती लोकेशकडे गेली ते मशीन परत आणायला आणि ठरावाचं सांगायला. त्याने ऐकून घेतलं, हूं म्हटलं. मग विचारलं, "अकराव्यात तुयी आई होती ना? मी लय शोधलं वो."

एवढंच. त्या पूर्ण प्रकरणात हे तिला विचारणारा तो एकटा. काकाजी पुढं बरीच वर्षं अध्यक्ष होते, ठरावाची वही आजही मंडळाच्या कपाटात आहे, आणि तिच्यात लोकेशचं नाव दोषी म्हणूनच लिहिलेलं आहे. वही काही आपल्या हातात नाही. पण तुम्ही इतका वेळ बसून ऐकलंत, तर एक मागणं आहे: आरतीला हात जोडाल तेव्हा त्या लोकेशला ध्यानात असू द्या.