टाकीवरचा चांद

बाईंनी बोलावलं म्हणून शाळेत गेले, हौस म्हणून नाही. पहाटेची पाळी उरकून तशीच गेले, वर रोजा. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करून माझी कंबर कधीच कामातून गेली आहे. पण माझी लेक चिमणी पिच्छा सोडेना. "सगळ्यांच्या आया येतात, तूच येत नाहीस."

बाईंनी पुठ्ठा, चकचकीत कागद, कात्र्या मांडून ठेवल्या होत्या. पोरांना ईद समजावून सांगायची आणि चांद करून घ्यायचे. मी कोर कापून दाखवली. पोरांनी मात्र केळी कापली. एकाचा चांद तर वरवंट्याएवढा जाड.

"एवढा नसतो रे," मी म्हटलं. "कापलेल्या नखाएवढा असतो. संध्याकाळी तो दिसला की दुसऱ्या दिवशी ईद."

"नाही दिसला तर?" चिमणीनं विचारलं.

"मग आणखी एक रोजा आणि परवा ईद."

"कोणी पाहायचा?"

"कोणीही. दोघातिघांनी पाहून खरं सांगितलं की झालं."

तिनं मान हलवली आणि गपचूप कागद चिकटवू लागली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण डोळे मिटत होते, कुठलं काय कळतंय.

गोष्ट अशी, की ईदची सुट्टी मी अंदाजानं गुरुवारची मागितली होती. आमचा मुकादम म्हणतो, आधी तारीख सांगा. आता चांद काय मला विचारून निघतो? गेल्या ईदलाही माझा अंदाज चुकला. चिमणीनं दिवसभर नवा फ्रॉक घातलाच नव्हता. अम्मी आल्यावर घालीन म्हणाली, आणि मी येईतो बसल्या जागी झोपली. ते अजून मला छळतं.

बुधवारी संध्याकाळी आभाळ भरून आलेलं. रोजा सोडून जरा पाठ टेकते तोच चिमणी धावत आली. "अम्मी, चांद दिसला." मागे शेजारची जुळी, तिच्याच वर्गातली. दोघीही छातीठोकपणे म्हणाल्या, "आम्हीपण पाहिला, मावशी."

गुडघे धरत गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीवर चकचकीत कागदाची कोर चिकटपट्टीनं लावलेली. यावेळी मात्र अगदी बारीक कापलेली, नखाएवढी. जुळ्या तिथूनच सटकल्या.

"हा खरा नाही ना गं," मी म्हटलं.

"माहितेय. पण तू पाहिला म्हण ना. उद्या तुला सुट्टी आहे."

रागवायचं म्हटलं तर रागही येईना. मनातून मलाही तेच हवं होतं. मी तिथूनच मुकादमाला फोन लावला, उद्या कामावर येते, सुट्टी परवाची करा म्हटलं.

"आता? पाळ्या लागल्या सगळ्यांच्या. तुमच्या सणाचा काही नेमच नाही बघा," म्हणून त्यानं फोन ठेवला.

मी चिमणीकडे पाहिलं. "नाही दिसला, बाळा. दिसला असं खोटं नाही म्हणता येत." जिना उतरताना एरवी ती माझं बोट धरते. त्या दिवशी कठडा धरून उतरली.

गुरुवारी सुट्टी होती, रोजाही होता. ती माझ्याशी बोलली नाही.

शुक्रवारी ईद. पहाटे नवा फ्रॉक तिच्या उशाशी ठेवायला गेले. तो अंगात घालूनच ती झोपली होती. डोळे न उघडता म्हणाली, "तू जायच्या आधी बघशील म्हणून घातला."