तिसरा ठोका

नियम चांगलाच होता, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर तुम्हाला वाटेल, पोटावर पाय आला म्हणून म्हातारा कुरकुरतोय. पोटावर कोणाचाही पाय आलेला नाही. माझी टोइंगची गाडी आजही हायवेवर असते, बंद पडलेल्या आणि ठोकलेल्या गाड्या आजही उचलते, आणि काम पूर्वीपेक्षा थोडं जास्तच मिळतं.

आमच्या धंद्यात चोर कमी नव्हते. एकाला तर आम्ही सगळे गिधाडच म्हणायचो. अपघात झाला की हा पोलिसांच्या आधी हजर. माणूस कपाळावरचं रक्त पुसतोय आणि हा त्याच्या गाडीला हूक लावतोय. गाडी परस्पर मेव्हण्याच्या गॅरेजात नेऊन टाकायचा आणि मालक भांडायला आला की म्हणायचा, पोलिसांनी सांगितलं. पोलिसांनी खरंच सांगितलेलं असायचं, हीच तर गोम होती. कोणत्या हवालदाराने कोणत्या क्रेनवाल्याला फोन करायचा हे ठरलेलं असायचं. कशाच्या जोरावर ठरायचं, ते काही मी वेगळं सांगायला नको.

माझंही ठरलेलं होतं. पण आमच्यात कसलं देणंघेणं नव्हतं, हे मी कोणाला सांगू आणि कोण विश्वास ठेवणार?

आमच्या टप्प्यावर एक हवालदार होते. उंच, जरा पोक काढून चालणारे, आणि तोंडाने असे की समोरच्याची फिरकी घेतल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसावा. पहिल्यांदा त्यांच्या फोनवरून गेलो तेव्हा मला यायला उशीर झाला होता. एक टेम्पो आडवा पडलेला, मागे गाड्यांची रांग, आणि हे मध्ये उभे राहून मला हात जोडतायत. "या, या जावईबापू! पायघड्या घालायच्या राहिल्या, तेवढं पोटात घाला." मी त्यांच्याहून वयाने मोठा. तरी त्या दिवसापासून मी जावईबापू झालो तो झालोच.

रोज सकाळी ड्युटीवर चढले की ते मला फोन करायचे. काम असो वा नसो. "रस्ता मोकळा आहे जावईबापू, आंघोळ उरकून घ्या," एवढंच. कधी, "धुकं आहे, दाढी राहू द्या, लगेच निघावं लागेल." बायको गेल्यानंतर माझ्या घरात सकाळी पहिला आवाज यायचा तो या फोनचा. मुलगी लांबच्या शहरात, तिचा फोन रविवारी. ती म्हणायची, "बाबा, त्या हवालदारकाकांशी जेवढं बोलता त्याच्या निम्मं माझ्याशी बोलला असतात तर मी लग्न करून एवढ्या लांब गेलेच नसते." ती चेष्टेत म्हणायची. मी तेवढ्यापुरता हसायचो.

हवालदारांचं तरी काय होतं? वहिनी आणि मुलं गावाकडे, मुलांच्या शाळेपायी. हे क्वार्टरमध्ये एकटे, हाताने भाजी फोडणीला टाकणारे. काम संपलं की माझ्या गाडीच्या पायरीवर बसायचे आणि थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला द्यायचे. चहा भिकार असायचा. बोलणंही काही मोठं नसायचं. गुडघे, पाण्याची मोटर, कोणाची मुलगी काय शिकते, भाजीत मीठ जास्त झालं तर काय करावं. आता आठवायला गेलं तर एक वाक्य धड आठवत नाही, पण बोलणं व्हायचं हे नक्की.

आणि ठोके. ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

गाडी उचलून मागे बांधली की मी केबिनमध्ये चढतो. तिथून मागची साखळी दिसत नाही, पट्टे दिसत नाहीत. सुरुवातीच्या काळात एकदा माझी साखळी सुटून उचललेली कार धाडकन रस्त्यावर आली होती. नशीब, मागे कोणी नव्हतं. तेव्हापासून हवालदार स्वतः मागे जायचे, साखळी ओढून बघायचे, पट्टा हलवून बघायचे आणि मग केबिनच्या मागच्या पत्र्यावर तळहाताने दोन ठोके द्यायचे. दोन म्हणजे निघा. तीन म्हणजे थांबा, खाली उतरा, काहीतरी चुकलंय. इतक्या वर्षांत तीन ठोके क्वचितच पडले आणि पडले तेव्हा खरंच काहीतरी होतं. पट्टा सैल होता, हँडब्रेक ओढलेला राहिला होता, एकदा तर मागच्या सीटखाली मांजर होती आणि मालकिणीला ती घरी आहे असं वाटत होतं. दोन ठोके ऐकल्याशिवाय मी क्लच सोडत नसे. पाय उचलायचाच नाही, म्हणा ना.

मग नियम आला.

सगळ्या क्रेनवाल्यांना आणि त्या टप्प्यावरच्या पोलिसांना एका हॉलमध्ये बोलावलं. आम्ही एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला, जणू लग्नात दोन्हीकडची मंडळी. एका मोठ्या साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवत समजावलं. यापुढे पोलीस कोणत्याही क्रेनवाल्याला फोन करणार नाहीत. कंट्रोल रूम ज्याचा नंबर असेल त्याला पाठवेल. दर गाडीवर रंगवायचे. केबिनमध्ये कॅमेरा बसेल, तो आवाजही टिपेल. पोलिसांच्या छातीवरही तसाच असेल. आणि क्रेनवाला नि पोलीस यांच्यात कामापलीकडे संबंध नको. फोन नको, चहा नको, एकत्र बसणं नको. दिसलं तर गाडी यादीतून बाहेर, पोलिसाची चौकशी.

मला राहवेना. मी हात वर केला. "साहेब, नमस्कार चालेल का?"

हॉल हसला. साहेब हसले नाहीत. "नमस्कार चालेल," ते म्हणाले, "पण एकदाच."

मी समोर पाहिलं. आमचे हवालदार, जे एरवी अशा वेळी माझ्यावर कडी केल्याशिवाय राहिले नसते, ते खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे आता खरोखर होणार आहे.

गिधाड पहिल्याच महिन्यात यादीतून उडालं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! पण त्याच्या मागोमाग आणखी एक जण गेला. साधा माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. एका पोलिसाबरोबर हॉटेलात चहा पिताना दिसला. तो पोलीस त्याचा शाळेतला मित्र होता म्हणे. त्याने तसं सांगितलंही. पण प्रत्येक चोर हेच सांगायचा ना, की आमची जुनी ओळख आहे. खऱ्याने तरी वेगळं काय सांगावं?

सकाळचा फोन बंद झाला. आता कंट्रोल रूमचा फोन येतो, त्यात रेकॉर्ड केलेली बाई बोलते, "आपला क्रमांक आला आहे." मी सुरुवातीला तिलाही "हो ताई, निघतो" म्हणायचो. मग लाज वाटली, सोडून दिलं. काम नसेल त्या दिवशी तीही बोलत नाही. मी सकाळी उठून चहा करतो, फोन टेबलावर ठेवतो, आंघोळीला जाताना बाथरूमचं दार किलकिलं ठेवतो. रस्ता मोकळा आहे हे आता मला कोणी सांगत नाही, पण सवय मोडत नाही.

हवालदार कामावर भेटायचे. भेटायचे म्हणजे दिसायचे. "नमस्कार." "नमस्कार." "गाडी यार्डात न्या." "हो साहेब." दोघांच्या छाताडावर कॅमेरा बसल्यासारखे आम्ही बोलायचो, माझा तर केबिनमध्ये होता, तरीही. थर्मास त्यांच्या जीपमध्ये दिसायचा. एकदा त्यांच्या बोटाला मोठं बँडेज होतं. मला विचारायचं होतं की भाजी चिरताना कापलं की काय. विचारलं नाही. भाजी हे काही कामाचं बोलणं नव्हतं.

फक्त ठोके राहिले. नव्या नियमात साखळी तपासायचं काम क्रेनवाल्याचंच होतं, पोलिसाने मागे यायची गरज नव्हती. तरी ते यायचे. साखळी ओढायचे, पट्टा हलवायचे आणि पत्र्यावर दोन ठोके द्यायचे. ते पडले की माझ्या पाठीलाही कळायचं. त्यांचं काही ऐकायला मिळत होतं तर तेवढंच, आणि त्यासाठी मी दूरचं कामही नाकारत नसे. तेवढं माझ्याजवळ राहावं, दुसरं काही नको, असं मला वाटायचं.

एका दुपारी पुलाच्या चढावर एक मालवाहू व्हॅन बंद पडली होती. माझा नंबर आला. मी गेलो, नमस्कार झाला, व्हॅन उचलली, बांधली, केबिनमध्ये चढलो. मागून ठोका आला. दुसरा आला. मी गिअर टाकला, आणि तिसरा आला.

मी वैतागलो. चढ, ऊन, मागे हॉर्नचा कलकलाट. खाली उतरलो. साखळी बघितली, ठीक. पट्टे ठीक. हँडब्रेक सुटलेला. मागचे दिवे लागत होते. व्हॅनच्या आत डोकावलो, मांजरही नव्हती. हवालदार रस्त्याच्या कडेला उभे होते. टोपी काढून हातात धरलेली. ड्युटीवर टोपी काढलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. केस बरेच पांढरे झाले होते.

"काय झालं साहेब?"

"काही नाही. बघून घ्या एकदा नीट."

"बघितलं. सगळं ठीक आहे."

"ठीक आहे ना?"

"हो साहेब. ठीकच आहे."

"मग झालं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, यांचंही वय झालं, उगाच शंका येतात. मान हलवली आणि पायरी चढून आत बसलो. पुन्हा दोन ठोके पडले. दुसरा जरा उशिरा पडला. मी आरशात न बघता निघालो.

त्यानंतर माझा नंबर आला तो एका कारसाठी. दुभाजकाला घासून पुढचं चाक वाकडं झालं होतं. तिथे एक तरुण पोलीसबाई उभी होती, नवीन, शिट्टीने ट्रॅफिक बाजूला काढणारी. मला वाटलं, हवालदार रजेवर असतील. मुलांच्या परीक्षा असतील. मी कार बांधली, आत बसलो आणि थांबलो.

ठोका आला नाही.

मी थांबलोच. मला माहीत होतं की साखळी नीट आहे, मीच ओढून बघितली होती. पण पाय क्लचवरून उठेना. मागे रांग लागली. एका ट्रकवाल्याने माझ्या खानदानाचा उद्धार केला. तरी मी आपला पत्र्याकडे कान लावून बसलेला. शेवटी पोलीसबाई तरातरा पुढे आली आणि दारावर हात आपटून म्हणाली, "अहो काका, झोपलात का? निघा ना!"

"ठोके दिले नाहीत मॅडम."

"कसले ठो..." ती मध्येच थांबली. कपाळाला हात लावला. "अरे देवा. तुम्हीच ते! मी विसरलेच."

"मीच कोण?"

ती खिडकीजवळ आली. छातीवरच्या कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं आणि जरा मोठ्याने, हजेरी दिल्यासारखी म्हणाली, "आधीच्या साहेबांनी चार्ज देताना सांगितलंय, म्हणजे हे कामाचंच बोलणं झालं. ते म्हणाले, या नंबरचा क्रेनवाला दोन ठोके दिल्याशिवाय हलायचा नाही. हट्टी आहे. मागे जाऊन साखळी बघत जा आणि ठोके देत जा. कंटाळा करू नका, म्हणाले. घरी एकटाच असतो."

"चार्ज देताना म्हणजे? गेले कुठे?"

"बदली झाली ना त्यांची. पार दुसऱ्या टोकाला. पुलावर ती व्हॅन बंद पडली होती बघा, तो त्यांचा इथला शेवटचा दिवस. तिथूनच आले माझ्याकडे चार्ज द्यायला."

मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. साखळी ठीक होती. पट्टे ठीक होते. माणूस जायला निघाला होता, तोंडाने सांगायची सोय नव्हती, म्हणून त्याने मला तीन ठोके देऊन खाली बोलावलं होतं. टोपी काढून उभा होता. आणि मी मांजर शोधत होतो. मला रडू आलं. कॅमेऱ्यात दिसलं असेल, दिसू दे.

मी दार उघडून खाली उतरलो. मागे गेलो. साखळी धरली, सोडली. मग रस्त्याच्या कडेला, ते उभे राहायचे तसा, गाडीपासून चार पावलांवर जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी किती वेळ उभं राहायला हवं होतं ते मला माहीत नव्हतं, पण तेवढा वेळ उभं राहावं असं वाटलं. पुलाकडून गाड्या येत होत्या आणि जात होत्या.

"आता काय राहिलं काका?" पोलीसबाईने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "बघून घेतो एकदा नीट."

हॉर्न वाजवणाऱ्या ट्रकवाल्याकडे तिने हात करून त्याला गप्प केलं. मी केबिनमध्ये चढलो, तेव्हा ती मागे जाऊन साखळी ओढून बघत होती, ते आवाजावरून कळलं. मग पत्र्यावर दोन ठोके पडले. हात हलका होता आणि जरा घाईत पडले, पण दोन पडले. मी तिसऱ्यासाठी थोडा थांबलो आणि मग क्लच सोडला.