ओरखड्यांचं कोटिंग

शिवणकामवाल्या मावशी अखेर चष्मा बदलायला निघाल्या. सुईत दोरा ओवायचा म्हणजे नुसती झटापट व्हायची, आणि काचांवर इतके ओरखडे की चष्म्याच्या दुकानातली मुलगी म्हणाली, "मावशी, यातून तुम्हाला दिसत तरी काय होतं?"

दिसत होतं, बाई, भलतंच काही दिसत होतं. पण ते दुकानात सांगायचं नसतं.

"फ्रेम हीच ठेवू. नव्या काचांना ओरखड्यांचं कोटिंग घालू ना? एक ओरखडा उठणार नाही, वर्षानुवर्षं काच नवी राहील."

"घाल."

"आणि अँटिग्लेअर? तुमच्या मुलानं फोनवर बजावलंय, सगळं उत्तम घाला म्हणून." मुलीनं दोन काचा पुढे केल्या. "ही साधी. डोळ्याला लावा, मागचा दिवा कोपऱ्यात चमकतो बघा. आणि ही कोटिंगवाली. पाठीमागचं काही म्हणता काही दिसत नाही."

मावशींनी दुसरी काच पटकन खाली ठेवली. "हे नको."

आता हा हट्ट कशापायी, ते ऐका. मावशी खिडकीकडे पाठ करून मशीनवर बसत. त्यांचे यजमान होते तोवर चहाचा कप घेऊन तिथंच मागे उभे राहायचे आणि टाका जरा वाकडा गेला की खुसपट काढायचे. ते गेले. मग एका संध्याकाळी चष्म्याच्या कोपऱ्यात काहीतरी पांढुरकं हललं. खिडकीचा पडदा होता, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं, त्या काही वेड्या नव्हत्या. पण त्या खरवडलेल्या काचेत तो एका खांद्यानं झुकलेला दिसे, थेट यजमानांसारखा. "कळलं, उसवते," असं त्या मान न वळवता पुटपुटायच्या. घरात बोलायला दुसरं होतंच कोण?

"डोळ्यांना त्रास होईल हं," मुलगी म्हणाली.

"होऊ दे."

जुन्या काचा दुकानातल्या केराच्या डब्यात गेल्या. मुलाला मावशींनी फोनवर थाप मारली, सगळं घातलं म्हणून.

चष्मा तयार होऊन आला. मावशी मशीनवर बसल्या, दिवा लावला. दोरा पहिल्या फटक्यात ओवला गेला. मग त्यांनी नजर हळूच कोपऱ्याकडे नेली.

पडदा होता. लख्ख दिसत होता. वरची एक कडी तुटल्यामुळं एका बाजूनं ओघळलेला, खालची शिवण उसवलेली. झुकलेला खांदा तो एवढाच.

"एवढंच होतं होय," मावशी म्हणाल्या. आणि हे आपण कोणाला म्हणालो, ते त्यांना कळेना. यजमान गेले त्या दिवशीसुद्धा घर इतकं रिकामं वाटलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी चिंध्यांतून कॅनव्हासचा खरखरीत तुकडा काढला, चष्मा मांडीवर घेतला आणि मनगट भरून येईपर्यंत काचा घासल्या. डोळ्याला लावून पाहिलं. मागे पडदाच. पुन्हा घासल्या.

मुलगी खोटं बोलली नव्हती. एकसुद्धा ओरखडा उठला नाही.